सायलेन्सरवरचा डबा आणि जाम झालेलं इंजिन

परड्यात पाच-सात पावसाळे उभा राहिलेला ट्रॅक्टर कुणी पुन्हा चालू करायला घेतला, की जमलेल्यांपैकी एक जण हमखास सांगतो, "साखळी बांधा आणि गिअरात टाकून ओढा की! सुटतंय बघा." कधीकधी सुटतंही. पण गंजाने केलं नसेल एवढं नुकसान बऱ्याचदा ही ओढाओढ करून ठेवते.

आधी इंजिनच जाम आहे ना, ते बघावं. स्टार्टरचा दाता फ्लायव्हीलमध्ये, म्हणजे इंजिनामागच्या जड दातेरी चाकात, अडकला तरी इंजिन हलत नाही. गिअर न्यूट्रलला घेऊन स्टार्टर काढला की हा संशय फिटतो. मग मालकाला विचारायचं: बंद कसं पडलं? नांगरताना पाणी संपून, तापून थांबलं असेल तर गोष्ट वेगळी. पिस्टन अॅल्युमिनियमचा, तो ज्या नळीत वर-खाली होतो तो लायनर बिडाचा. उष्णतेने अॅल्युमिनियम बिडाच्या साधारण दुप्पट फुगतं. पिस्टन लायनरला घासतो आणि त्याचा धातू भिंतीला माखून बसतो. तिथे तेल ओतून काही होत नाही, इंजिन खोलावंच लागतं.

नुसतं उभं राहून जाम झालं असेल तर दोष गंजाचा, आणि हा गंज सगळीकडे सारखा नसतो. इंजिन बंद होताना दाबलेली हवा पिस्टनला वर जाऊ देत नाही, म्हणून चार सिलिंडरच्या इंजिनाचे पिस्टन बहुधा मधेच कुठेतरी थांबतात. त्या क्षणी एका सिलिंडरचा हवा घेणारा वाल उघडा असतो आणि एकाचा धूर सोडणारा. उरलेल्या दोघांचे दोन्ही वाल बंद. धुराचा वाल उघडा म्हणजे वाट थेट सायलेन्सरपर्यंत. ट्रॅक्टरचा सायलेन्सर आभाळाकडे तोंड करून उभा, आणि वरून बेळगावजवळच्या मलप्रभेच्या उगमाकडचा, कणकुंबी-जांबोटीचा पाऊस! निपाणीच्या बाजूला पाऊस कमी, तरी जून ते सप्टेंबरची दमट हवा तिथेही पुरते. म्हणून हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, काढलं की अनेकदा दोन लायनर आरशासारखे निघतात आणि दोन तांबडे. सायलेन्सरवर रिकामा डबा पालथा घालणाऱ्या म्हाताऱ्यांना हे पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं.

गंज झाला की लोखंड मूळच्या कितीतरी पट जागा मागतं. पिस्टन आणि लायनर यांच्यात फट असते मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. पिस्टनभोवतीच्या रिंगा तर भिंतीला टेकलेल्याच. पावसाळ्यात फुगलेलं दार चौकटीत बसतं तशा त्या बसतात. पिस्टनच्या वरची भिंत उघडी असते, गंज तिथे जास्त धरतो. त्यामुळे असा पिस्टन पुष्कळदा खाली सरकतो, पण वर जायला तयार होत नाही.

उपाय साधा आहे, पण वेळखाऊ. डिझेल फवारणारे नोझल काढून त्या भोकातून प्रत्येक सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडायचं. पॉवर स्टिअरिंगसाठी वापरतात ते एटीएफ आणि अॅसिटोन निम्मं-निम्मं, असं मिश्रण बरेच मेस्त्री वापरतात. ते हलवूनच ओतावं, नाहीतर वेगळं होतं. आणि अॅसिटोन पटकन पेटतं, बिडी लांब ठेवा. हे तेल आपण दाबून आत घालत नाही, केशाकर्षणाने ते स्वतःच फटीत शिरतं. फट जितकी अरुंद तितकी ओढ जास्त, पण अरुंद फटीतून पुढे सरकण्याचा वेग मात्र कमी. म्हणून काम एका रात्रीत होत नाही. तार घालून पातळी बघत राहायचं, उतरली की पुन्हा भरायचं.

मग फ्लायव्हीलच्या दात्यात पहार अडकवून पुढे-मागे, पुढे-मागे. खडूची खूण करून ठेवली तर अर्धा दाता सरकला तरी कळतं. एकाच दिशेने जोर लावला तर गंजाचा भुगा पुढे दाबला जाऊन पाचर बसते. हे करताना नोझल बसवलेले नसावेत. ६०० घनसेंटिमीटरच्या सिलिंडरमध्ये १६ पट दाबाच्या हिशोबाने पिस्टन वर गेल्यावर जेमतेम ४० घनसेंटिमीटर जागा उरते. तेल त्याहून जास्त असेल आणि बाहेर पडायला वाट नसेल तर ते दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. साखळी बांधून ओढण्यातला खरा धोका हाच.

धुण्याचा सोडा आणि बॅटरी चार्जर वापरून गंज काढायची युक्ती लोखंडी पत्र्याला उत्तम. पिस्टनवर करू नये, सोडा अॅल्युमिनियम खातो.

इंजिन सुटलं म्हणजे झालं, असं मात्र नाही. लायनरला खड्डे पडले असतील तर ते बदलायचेच. त्यासाठी बेळगावकरांना फार हिंडावं लागत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये सायकलींचं दुकान काढलं ते याच गावात. ते १९१० मध्ये किर्लोस्करवाडीला गेले, पण लोखंडाचं काम इथे राहिलं, आणि उद्यमबागेत आज फाउंड्र्या आणि लेथ शेजारी शेजारी आहेत.

चालू करण्याआधी ऑइल बदला, कारण ओतलेलं बरंचसं तेल झिरपून खाली चेंबरमध्ये गेलेलं असतं. नोझल काढलेलेच ठेवून स्टार्टर मारा, उरलेलं तेल उडून जाऊ द्या आणि ऑइलचं प्रेशर येऊ द्या. तरीही पहिल्या स्टार्टला हवेच्या पाइपाजवळ एक जण जाड फळी घेऊन उभा हवा. आत राहिलेलं तेलही इंधनासारखं जळतं. इंजिन सुसाट सुटलं तर डिझेल बंद करूनही थांबत नाही, हवा तोडावी लागते. फळीच लावा, तळहात नको; ओढ फार असते.