जलवाहिन्यांसाठी निधी मंजूर: अनुदान की कर्ज?

सोलापूर जिल्ह्यातील एखाद्या नगरपरिषदेला जुन्या जलवाहिन्या बदलण्यासाठी काही कोटींचा निधी मंजूर झाला की चौकात अभिनंदनाचे फलक लागतात. तो निधी अनुदान आहे की कर्ज, हे मात्र फलकावर सहसा नसते. नगरपरिषदेच्या अर्थसंकल्पातही दोन्ही रकमा भांडवली जमेच्याच बाजूला दिसतात, आणि पुढे खर्चाच्या बाजूला मुद्दल व व्याज उमटू लागले म्हणजे कित्येकांना फरक कळतो.

अनुदान परत करायचे नसते, पण ते विनाअटही नसते. शहरांच्या पाणीपुरवठ्यासाठी केंद्राने १ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू केलेल्या अमृत २.० अभियानात एक लाखापेक्षा कमी लोकसंख्येच्या शहराला प्रकल्पखर्चाचा निम्मा, तर एक ते दहा लाखांच्या शहराला एक तृतीयांश वाटा केंद्र सरकार देते. २०११ च्या जनगणनेत पंढरपूर लाखाच्या जेमतेम आत आणि बार्शी लाखाच्या वर असल्यामुळे, या सूत्राने एकाच जिल्ह्यातील दोन गावांचा केंद्रीय वाटा निराळा ठरतो. उरलेला भार राज्य आणि नगरपरिषद उचलतात. नगरपरिषदेच्या भागाला स्वहिस्सा म्हणतात. केंद्राचा पैसा २०, ४० आणि ४० टक्के अशा तीन हप्त्यांत येतो, आधीच्या पैशाचा हिशेब दिल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही, आणि काम रखडून खर्च वाढला तर ती वाढ केंद्र भरून देत नाही. म्हणजे निविदेच्या घोळात गेलेल्या दोन वर्षांची किंमत शेवटी राज्याच्या किंवा गावाच्याच माथी येते.

कर्जाची तऱ्हा वेगळी. ते हुडकोसारख्या, म्हणजे घरबांधणी व नागरी सुविधांसाठी कर्ज देणाऱ्या केंद्र सरकारच्या, संस्थेकडून किंवा बँकेकडून घेता येते, मात्र त्यासाठी सभेचा ठराव, शासनाची परवानगी आणि बहुधा कराच्या उत्पन्नाचे तारण लागते. रोखे हेही कर्जच. पुणे महापालिकेने २०१७ साली समान पाणीपुरवठा योजनेसाठी ७.५९ टक्के व्याजाने २०० कोटी रुपयांचे रोखे काढले, ते गुंतवणूकदारांना परत करण्याच्या बोलीवरच. पुण्याची पत लहान गावाकडे नसते, हे वेगळे सांगायला नको.

आकडे मांडून पाहिले तर अंतर स्पष्ट होते. समजा, आठ हजार नळजोडण्यांच्या गावात वाहिन्या बदलायला दहा कोटी रुपये लागणार आहेत. ही सगळी रक्कम साडेआठ टक्क्यांनी पंधरा वर्षांसाठी कर्जाऊ घेतली, तर वर्षाला सुमारे १ कोटी १८ लाख रुपये फेडावे लागतील, म्हणजे प्रत्येक जोडणीमागे साधारण १,४८० रुपये, तेही प्रत्येकाने पाणीपट्टी भरली तर. नव्वद टक्के अनुदान मिळाले आणि एक कोटीचा स्वहिस्साच तेवढा कर्जातून उभा केला, तर हाच भार १४८ रुपयांवर येतो. दोन्हींची सरमिसळ होते ती इथेच: अनुदानाची म्हणून गाजलेल्या योजनेच्या पोटात कर्ज असू शकते. स्वहिस्सा भरण्याचा दुसरा मार्ग वित्त आयोगाच्या, म्हणजे केंद्राच्या करातील वाटा राज्यांना व स्थानिक संस्थांना किती द्यावा हे सुचवणाऱ्या आयोगाच्या, पैशाचा. पंधराव्या आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी लहान शहरांच्या अनुदानातील ३० टक्के रक्कम पिण्याच्या पाण्यासाठी बांधून ठेवली. तोही पैसा अनुदानाचाच, पण तो स्वहिश्शात गेला की गळतीच्या दुरुस्तीला उरत नाही.

यावरून कर्ज वाईटच, असे मला वाटत नाही. वितरण वाहिन्यांचे संकल्पन साधारण तीस वर्षांची गरज धरून केले जाते, तेव्हा पुढे ते पाणी वापरणाऱ्यांनी खर्चाचा काही वाटा उचलावा, हे न्याय्यच आहे. शिवाय हप्ता फेडायचा म्हटल्यावर थकबाकी आणि अनधिकृत नळजोड यांकडे डोळेझाक करणे नगरपरिषदेला परवडत नाही. अनुदानातून झालेल्या कामाला असा धाक नसतो. वाहिनी पुरली, छायाचित्रे निघाली, आणि व्हॉल्व्ह बदलायला मात्र तिजोरीत काही नाही, हे दृश्य आपल्याकडे नवे नाही. देखभालीचा खर्च दोन्ही मार्गांत नगरपरिषदेलाच करायचा असतो.

तरीही निव्वळ कर्जावर वाहिन्या बदलणे लहान गावाला झेपत नाही, याचे कारण वसुलीत आहे. सोलापूर शहरातच जिथे पाणी काही दिवसांआड येते, तिथे जिल्ह्यातील गावांनी नियमित पुरवठ्याच्या भरवशावर दर वाढवणे अवघड. पुरवठा बंद असताना वाहिनीतील दाब उतरतो, फुटक्या सांध्यांतून गटाराचे पाणी आत शिरते, आणि गढूळ पाण्याची पट्टी भरायला लोक नाखूश असतात. म्हणून आधी अनुदानातून वाहिन्या, मग मीटर आणि सुधारलेली वसुली, आणि त्यानंतर पुढच्या टप्प्यासाठी कर्ज, हा क्रम मला व्यवहार्य वाटतो. आपल्या गावच्या निधीत काय आहे, हे पाहायला सभेचा ठराव मागवावा: त्यात स्वहिश्शाची रक्कम, ती कोठून आणणार आणि वाढीव खर्च कोण सोसणार, या तीन ओळी आधी शोधाव्यात.