पुरुषांच्या जननेंद्रियावरील पुळ्या व फोड

शिश्न, शिश्नमुंडावरची कातडी, वृषणकोश आणि जांघ या भागात दिसणारे लहानमोठे उंचवटे. यांतले पुष्कळसे त्वचेच्या घडणीचाच भाग असतात. काही साध्या त्वचाविकारांमुळे येतात, काही लैंगिक संबंधांतून लागणाऱ्या संसर्गामुळे, आणि फार थोडे कर्करोगाचे असतात. दुखते ते वाईट आणि दुखत नाही ते किरकोळ, हा शरीराच्या इतर भागांसाठी आपण वापरतो तो ठोकताळा इथे चालत नाही. तरुणांची झोप उडवणारे न दुखणारे दाणे बहुधा निरुपद्रवी असतात, तर उपदंशाची (सिफिलिसची) न दुखणारी जखम दुर्लक्षामुळे पुढे मेंदू आणि हृदयापर्यंत पोहोचू शकते.

सर्वाधिक भीती घालणारे आणि सर्वांत निरुपद्रवी म्हणजे मोतीदाणे. डॉक्टर त्यांना पर्ली पेनाइल पॅप्यूल्स म्हणतात. कातडी मागे घेतली की शिश्नमुंडाच्या कडेवर १ ते २ मिलिमीटरचे दाणे एका किंवा दोन-तीन ओळींत बसलेले दिसतात. सगळे जवळजवळ सारख्या उंचीचे, माथा गुळगुळीत, रंग त्वचेचाच किंवा गुलाबी-पांढरट. ते वयात आल्यानंतर उमटतात, विशी-तिशीत ठळक असतात आणि पुढे फिके पडत जातात. हस्तमैथुनाने किंवा अस्वच्छतेने ते येत नाहीत आणि जोडीदारालाही लागत नाहीत. त्यांना औषध नाही, कारण औषधाची गरजच नाही. नुकसान होते ते नखाने खुडल्याने किंवा पायाच्या कुरुपाचे आम्लयुक्त औषध लावल्याने. इथली कातडी इतकी पातळ असते की तसल्या आम्लाने ती भाजून निघते.

दांड्यावर आणि वृषणकोशावर, कातडी ताणल्यावर उठून दिसणारे पिवळसर ठिपके म्हणजे केसाविना असलेल्या तैलग्रंथी. तसेच ठिपके ओठांवरही असतात. अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ जॉन अॅडिसन फोर्डाइस यांनी १८९६ मध्ये त्यांचे वर्णन केले, म्हणून ते फोर्डाइस ठिपके. वाढत्या वयात वृषणकोशावर येणारे जांभळट-लाल ठिपके वेगळे. त्या फुगलेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या असतात. खाजवल्यावर त्यांतून रक्त आले तर घाबरायला होते, पण थोडा वेळ दाबून धरले की ते थांबते. वस्तऱ्याने केस काढल्यावर येणारी केसतुडे आणि आत वळलेल्या केसाच्या पुळ्या बहुधा काही दिवसांत बसतात.

पुण्यात खरूज आणि गजकर्ण यांचा विचार आधी करावा लागतो. सदाशिव पेठ, नवी पेठेत स्पर्धा परीक्षांसाठी कॉट बेसिसवर राहणारी मुले एका खोलीत चार-पाच असतात. टॉवेल, चादरी एकमेकांच्या वापरल्या जातात आणि पावसाळ्यात कपडे दमटच अंगावर चढतात. खरजेत शिश्न व वृषणकोशावर लालसर, कडक, रात्री अतोनात खाजणाऱ्या गाठी येतात. बोटांच्या बेचक्यांत आणि बेंबीभोवतीही खाज असेल तर निदान जवळजवळ पक्के. ५ टक्के परमेथ्रिनचे मलम मानेपासून पायापर्यंत लावायचे असते, आणि खोलीतल्या सगळ्यांनी एकाच वेळी. एकट्याने लावले तर खरूज खोलीतच फिरत राहते. किडे मेल्यावरही या गाठी काही आठवडे टिकतात, म्हणून औषध फसले असे समजून ते पुन्हापुन्हा लावू नये.

जांघेतल्या गजकर्णावर मेडिकलच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय घेतलेली मिश्र मलमे हा इथला मोठा अपाय आहे. त्यांत बुरशीनाशकाबरोबर क्लोबेटासोलसारखे तीव्र स्टिरॉइड असते. दोन दिवसांत खाज थांबते आणि माणूस खूश होतो. पण बुरशी आतून पसरतच असते. काही आठवड्यांत चट्टे मांडीवर उतरतात, कडा अस्पष्ट होतात, कातडी पातळ होऊन जांघेत कायमचे ताणवण उमटतात. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अनेक स्टिरॉइड मलमांवर डॉक्टरांच्या चिठ्ठीची अट घातली. तरी ती सर्रास मिळतात. शिश्नमुंड वारंवार लाल होणे, कातडीला बारीक चिरा पडणे यामागे कॅन्डिडा बुरशी आणि तिच्यामागे अनेकदा न कळलेला मधुमेह असतो. अशा वेळी रक्तातली साखर तपासून घ्यावी.

लैंगिक संसर्गांत चामखिळी मानवी पॅपिलोमा विषाणूच्या मुख्यतः ६ आणि ११ या प्रकारांनी होतात. त्या मोतीदाण्यांसारख्या ओळीत नसतात. कुठेही उगवतात, लहानमोठ्या असतात, माथा खडबडीत असतो आणि वाढल्यावर फ्लॉवरच्या तुऱ्यासारख्या दिसतात. संसर्गानंतर त्या उमटायला आठवडे किंवा कित्येक महिने जातात, त्यामुळे चामखीळ दिसली म्हणून जोडीदारावर ताज्या फसवणुकीचा आरोप करणे अन्यायाचे ठरते. मोलस्कम या विषाणूजन्य संसर्गात गोल, चकचकीत पुळीच्या मध्यावर खळगा असतो. नागीण कुळातल्या हर्पिस विषाणूचे पाणीदार फोड झुपक्याने येतात, जळजळतात, फुटून उथळ जखमा होतात आणि बरे होऊनही पुन्हा येऊ शकतात; असिक्लोव्हिर हे विषाणूरोधक औषध लवकर सुरू केल्यास त्रास कमी होतो.

उपदंशाची, म्हणजे जुन्या लोकांच्या बोलण्यातल्या गरमीची, जखम संबंधानंतर ९ ते ९० दिवसांत, सरासरी तीन आठवड्यांनी येते. एकच, गोल, तळाशी कडक आणि बहुधा वेदनारहित. औषध न घेताही ती ३ ते ६ आठवड्यांत भरून येते आणि रुग्णाला बरे झाल्यासारखे वाटते, तर जंतू रक्तात असतो. पुढे तळहात-तळपायांवर पुरळ येते; पत्नी गरोदर असेल तर बाळही दगावू शकते. सुरुवातीच्या दिवसांत उपदंशासाठीची व्हीडीआरएल ही रक्ततपासणी निगेटिव्ह येऊ शकते, तेव्हा ती काही आठवड्यांनी पुन्हा करावी. सुरुवातीच्या टप्प्यात बेन्झाथिन पेनिसिलिनचे २४ लाख युनिटचे एक इंजेक्शन पुरते, पण जोडीदाराचीही तपासणी व उपचार हवेत. अशा जखमांतून एचआयव्हीची लागण सोपी होते. भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेने १९९० च्या दशकात पुण्यातल्या लैंगिक आजारांच्या रुग्णांवर केलेल्या अभ्यासांतही हा संबंध दिसला. म्हणून जखम असेल तर एचआयव्ही तपासणीही सोबतच करतात.

शिश्नाचा कर्करोग पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत भारतात अधिक आढळतो. मागे न सरणारी कातडी, तिच्याखाली साचणारा मळ, तंबाखू आणि पॅपिलोमा विषाणूचा १६ वा प्रकार ही मुख्य कारणे. तीन-चार आठवड्यांत न भरणारी जखम, वाढती गाठ, रक्तस्राव, दुर्गंधीयुक्त स्राव, जांघेत कडक गाठ यांपैकी काही दिसले की मलमे बदलत बसू नये. तुकडा काढून तपासणे हाच मार्ग.

ससूनमध्ये आणि पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण रुग्णालयात त्वचा विभागात केसपेपर काढून तपासून घेता येते. सरकारी रुग्णालयांतल्या 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये लैंगिक आजारांची तपासणी, औषध व समुपदेशन मोफत आहे, आणि १०९७ या राष्ट्रीय क्रमांकावर नाव न सांगता विचारता येते. एसटी स्टँडच्या भिंतीवर 'गुप्तरोग हमखास बरा' अशी जाहिरात करणारे मोतीदाण्यांवरही महागडा कोर्स देतात, हे तरुणांना कुणीतरी आधीच सांगायला हवे. पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ही लस पॅपिलोमा विषाणूच्या ६, ११, १६ आणि १८ या प्रकारांवर आहे. तिला २०२२ मध्ये परवानगी मिळाली, आणि ९ ते २६ वर्षे वयाच्या मुलींप्रमाणे मुलांनाही ती देता येते.