१५ गोलांचा मॅराडोना, ५० गोलांचा मेस्सी

इटलीच्या सेरी आ या सर्वोच्च फुटबॉल लीगमध्ये १९८७-८८ च्या हंगामात सर्वाधिक गोल दिएगो मॅराडोनाचे होते. किती? १५. स्पेनच्या तशाच ला लीगामध्ये २०११-१२ च्या हंगामात लिओनेल मेस्सीने ५० गोल केले. मुंबईत रात्री साडेबाराचा सामना शेवटपर्यंत बघून सकाळची लोकल पकडणाऱ्या मुलांच्या वादात हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले जातात आणि थोर कोण ते ठरलं असं समजलं जातं. मला दोघंही जिवापाड आवडतात. पण हे आकडे ज्या परिस्थितीत झाले, ती बघितल्याशिवाय तुलना करणं दोघांवरही अन्याय आहे, आणि ती परिस्थिती बहुतांशी पैशाने घडवली.

इंग्लंडमध्ये पैसे घेऊन खेळायला १८८५ मध्येच परवानगी मिळाली होती. मात्र १९०१ पासून पगारावर कमाल मर्यादा आली, आठवड्याला ४ पौंड. ती वाढत वाढत २० पौंडांवर गेली आणि १९६१ मध्ये खेळाडूंच्या संघटनेने संपाची धमकी दिल्यावर उठली. लगोलग फुलहॅमने इंग्लंडचा कर्णधार जॉनी हेन्सला आठवड्याला १०० पौंड दिले. वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूला मिळणाऱ्या बॅलन डी'ऑर पुरस्काराचा पहिला मानकरी स्टॅनली मॅथ्यूज १९५६ मध्ये या मर्यादेतच खेळत होता. आणखी एक जाच होता. करार संपला तरी क्लब खेळाडूला सोडायला बांधील नसे. जॉर्ज ईस्टहॅम त्याविरुद्ध कोर्टात गेला आणि १९६३ मध्ये कोर्टाने ती पद्धत अन्यायकारक ठरवली. तोवर चांगला खेळाडू लहान क्लबात आयुष्यभर अडकू शकत होता. त्याचं नुकसान उघड होतं, पण त्यामुळे गुणी खेळाडू अनेक क्लबांत विखुरलेले राहत आणि लीग चुरशीची होई.

मॅराडोना १९८४ मध्ये विक्रमी रक्कम मोजून नेपोलीत आला तेव्हा इटलीत एका क्लबला दोनच परदेशी खेळाडू ठेवता येत. त्यामुळे मिशेल प्लॅटिनी युव्हेंटसमध्ये, झिको उडिनेझेत, सॉक्रेटिस फिओरेंटिनात, असे जगातले उत्तम खेळाडू वाटले गेले होते. जवळजवळ प्रत्येक रविवारी समोर कसलेली बचावफळी असे. मागून येऊन पाय उडवणाऱ्याला रेफरी अनेकदा नुसती समज देऊन सोडत. त्याआधी बार्सिलोनाकडून खेळताना, १९८३ मध्ये, आंदोनी गोइकोएचेया या बचावपटूने मॅराडोनाच्या घोट्याचं हाड मोडलं होतं. बचावपटूने चेंडू मागे दिला तर गोलरक्षक तो हातात धरून वेळ काढू शके. ते १९९२ मध्ये बंद झालं. मागून केलेल्या घातक टॅकलला थेट लाल कार्ड दाखवण्याची सक्ती १९९८ च्या विश्वचषकापासून झाली. प्रेक्षक ज्याच्यासाठी पैसे मोजतो त्या खेळाडूचे पाय शाबूत राहावेत, ही टीव्हीच्या काळाची गरज होती असं मला वाटतं. अशा लीगमध्ये १५ गोल करून मॅराडोना पहिला आला. दुसरा होता १३ गोल करणारा करेका, तोही नेपोलीचाच.

मग १९९२ उजाडलं. इंग्लंडच्या पहिल्या विभागातले क्लब वेगळे झाले, प्रीमियर लीग निघाली आणि पाच वर्षांसाठी ३० कोटी ४० लाख पौंडांचा टीव्ही करार झाला. त्याच वर्षी युरोपियन कप या युरोपातल्या क्लबांच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेची चॅम्पियन्स लीग झाली. त्याहून मोठा धक्का बसला १५ डिसेंबर १९९५ रोजी. झ्याँ-मार्क बोसमन हा बेल्जियमच्या लिएज क्लबचा साधा खेळाडू. करार संपल्यावरही क्लबने त्याला जाऊ दिलं नाही, म्हणून तो लढला. युरोपीय न्यायालयाने दोन गोष्टी सांगितल्या: करार संपला की खेळाडू मोकळा, आणि युरोपीय संघातल्या नागरिकांना परदेशी म्हणून संख्येचं बंधन घालता येणार नाही.

या निकालाने काय केलं ते आयाक्सकडे बघून कळतं. मे १९९५ मध्ये अॅमस्टरडॅमच्या या क्लबने, बरीचशी घरचीच पोरं घेऊन, एसी मिलानला हरवून चॅम्पियन्स लीग जिंकली. विजयी गोल १८ वर्षांच्या पॅट्रिक क्लायव्हर्टचा. दोन वर्षांत तोच क्लायव्हर्ट मिलानमध्ये गेला, करार संपल्यामुळे फुकट. एडगर डेव्हिड्स आणि मायकेल रायझिगर त्याच्या आधीच त्याच वाटेने मिलानला पोचले होते. तेव्हापासून २०२५ पर्यंत इंग्लंड, स्पेन, इटली, जर्मनी सोडून चॅम्पियन्स लीगचा कप दोनदाच बाहेर गेला: २००४ मध्ये पोर्तो आणि २०२५ मध्ये कतारच्या पैशावर उभं राहिलेलं पॅरिस. १९६७ मध्ये सेल्टिकने जिंकला तेव्हा त्या संघातले सगळे ग्लासगोच्या सुमारे ३० मैलांच्या परिघात जन्मलेले होते. १९८६ मध्ये बुखारेस्टचा स्टेआउआ आणि १९९१ मध्ये बेलग्रेडचा रेड स्टार जिंकू शकला. आता तसं होणं मला जवळपास अशक्य वाटतं आणि त्याचं दुःख होतं.

आता मेस्सीचे ५० गोल. स्पेनमध्ये २०१५ पर्यंत प्रत्येक क्लब आपले टीव्ही हक्क स्वतंत्रपणे विकत असे. रिअल माद्रिद आणि बार्सिलोना त्यातला सिंहाचा वाटा घेत. परिणाम २०११-१२ च्या तक्त्यात बघा: माद्रिद १०० गुण, बार्सिलोना ९१, तिसऱ्या क्रमांकावरच्या व्हॅलेन्सियाचे ६१. माद्रिदने १२१ गोल केले, बार्सिलोनाने ११४. त्याच हंगामात माद्रिदच्या क्रिस्तियानो रोनाल्डोने ४६ केले. त्याआधी लीगचा विक्रम दशकानुदशकं ३८ वर थांबलेला होता आणि वर्षभर आधी रोनाल्डोनेच तो ४० वर नेला होता. मेस्सीची थोरवी यात कमी होत नाही. त्याच मैदानांवर, त्याच दुबळ्या बचावांसमोर, तितकेच पैसे असलेल्या माद्रिदच्या हुकमी माणसापेक्षा त्याने चार गोल जास्त केले, आणि मोजायचं ते हे अंतर.

पेलेलाही हीच फूटपट्टी लावावी. तो युरोपात क्लबसाठी खेळलाच नाही, हा त्याच्यावरचा नेहमीचा आक्षेप. १९६१ मध्ये ब्राझील सरकारने त्याला राष्ट्रीय ठेवा जाहीर करून बाहेर जाण्याची वाट बंद केली. त्याचा ब्राझीलमधला क्लब सांतोस त्याला घेऊन जगभर दौरे करी, कारण त्याच्या नावावर मैदानं भरत आणि क्लबला रोकड मिळे. त्यामुळे त्याच्या हजारावर गोलांत मैत्रीपूर्ण सामने पुष्कळ आहेत, हे मान्य. पण १९६२ मध्ये सांतोसने लिस्बनमध्ये जाऊन युरोपविजेत्या बेनफिकाला ५-२ हरवलं आणि त्यात पेलेची हॅट्रिक होती. बॅलन डी'ऑर १९९५ पर्यंत फक्त युरोपीय खेळाडूंनाच मिळे, म्हणून पेले आणि मॅराडोनाच्या नावापुढे शून्य दिसतं.

आपल्याकडच्या वादाला आणखी एक बाजू आहे. १९८६ मध्ये आपण मॅराडोनाला दूरदर्शनवर पाहिलं ते विश्वचषकाच्या सात सामन्यांत. नेपोलीतली त्याची वर्षं इथे कुणाच्या घरात दिसली नाहीत. उपग्रह वाहिन्या नंतर आल्या, आणि मेस्सी दर आठवड्याला दिसू लागला, वाईट दिवसांसकट.

मुंबईच्या फुटबॉलमध्येही पैशाने असेच थर चढवले. इथली रोव्हर्स कप ही स्पर्धा १८९१ पासूनची. आधी ब्रिटिश पलटणींची, १९३७ मध्ये बंगळूर मुस्लिम्सने जिंकल्यावर भारतीयांचीही. पुढे कूपरेज मैदानावर टाटा, कॅल्टेक्स, मफतलाल, महिंद्र, एअर इंडिया, रेल्वे यांचे संघ खेळले. स्पोर्ट्स कोट्यातून नोकरी, सकाळी सराव, मग ऑफिसची हजेरी आणि खेळ संपल्यावर टेबल-खुर्ची, असा तो हिशेब होता. पगार मोठा नव्हता, पण निवृत्तीपर्यंतचा होता. महिंद्र युनायटेडने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये संघ बंद झाला. २०१४ मध्ये आयएसएल (इंडियन सुपर लीग) आली, २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीच्या मालकांनी मुंबई सिटीत मोठा हिस्सा घेतला, आणि २०२०-२१ मध्ये संघाने साखळीत पहिलं येण्याची शील्ड आणि अंतिम सामन्याचा कप दोन्ही जिंकले. २०२३ मध्ये सौदीचा अल हिलाल क्लब नवी मुंबईत डी. वाय. पाटीलवर आला. मुंबई सिटी ०-२ हरली आणि ज्याला बघायची सगळ्यांना आस होती तो नेमार जखमी होऊन घरी होता.

तुलना इथेही होते: सुनील छेत्री की नेव्हिल डिसूझा? मुंबईत टाटा आणि कॅल्टेक्सकडून खेळलेल्या डिसूझाने १ डिसेंबर १९५६ ला मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅट्रिक केली. भारत ४-२ जिंकला आणि पुढे चौथा आला. त्या स्पर्धेत पगारी खेळाडूंना बंदी होती, म्हणून पश्चिम युरोपातले मोठे व्यावसायिक खेळाडू तिथे नव्हते. कागदोपत्री हौशी असलेल्या सोव्हिएत संघाकडून मात्र लेव्ह याशिन गोलात उभा होता आणि सुवर्ण त्यांनीच नेलं. छेत्रीचे नव्वदच्या वर आंतरराष्ट्रीय गोल आहेत, डिसूझाला तेवढे सामनेच मिळाले नाहीत. पण त्या ऑलिम्पिकमध्ये चार गोल करून तो सर्वाधिक गोल करणाऱ्यांच्या पंगतीत बसला, आणि त्यातला एक होता उपांत्य सामन्यात, युगोस्लाव्हियाविरुद्ध.