वारा गाडीला किती दाबतो?

विमानाचा पंख उलटा करून रेसिंग कारवर बसवला, की हवा गाडीला उचलण्याऐवजी रस्त्यावर दाबते. हा दाब म्हणजे डाउनफोर्स. गाडीचं वजन न वाढता टायरवरचा भार वाढतो आणि वळणावर पकड मिळते. एवढं अनेकांना ठाऊक असतं. पण बसवलेला पंख नेमका किती किलोंनी दाबतोय हे शोधणं अवघड आहे, आणि मला तोच भाग जास्त सुंदर वाटतो.

मोठ्या संघांकडे पवनबोगदे असतात, म्हणजे उभ्या गाडीवर जोराचा वारा सोडून मोजणी करायच्या जागा. सोलापुरातल्या एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मुलांनी कोइम्बतूरच्या कारी ट्रॅकवर होणाऱ्या फॉर्म्युला भारत या विद्यार्थ्यांच्या रेसिंग कार स्पर्धेसाठी उघड्या चाकांची छोटी गाडी बांधली, तर त्यांच्या हाताशी फार तर एखादा मोकळा, सरळ रस्ता असणार. तेवढ्यावर भागतं.

वेग दुप्पट झाला की डाउनफोर्स चौपट होतो. पुढे-मागे चांगले पंख असलेल्या अशा गाडीवर ताशी 60 किलोमीटरला 45 ते 50 किलोंचा दाब येऊ शकतो, 30 ला मात्र जेमतेम 12. शिवाय हवा किती दाट आहे यावरही तो ठरतो. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास. मे महिन्यात दुपारी पारा 42 वर गेला की इथली एक घनमीटर हवा सुमारे 1.06 किलोची असते, तर डिसेंबरच्या पहाटे 15 अंशांना साधारण 1.16 किलोची. म्हणजे पंख तोच, वेग तोच, तरी उन्हाळ्यात दाब नऊ टक्क्यांनी कमी! हिवाळ्यातल्या आणि मे महिन्यातल्या चाचण्यांचे आकडे तसेच शेजारी मांडले, तर चांगला पंखही वाईट ठरेल. म्हणून तापमान आणि वातावरणाचा दाब दर वेळी टिपायचा.

आता प्रत्यक्ष मोजणी. गाडीच्या स्प्रिंग हाच तराजू. प्रत्येक चाकाच्या डॅम्परशेजारी, म्हणजे धक्के शोषणाऱ्या नळीशेजारी, पेनाएवढा पोटेन्शिओमीटर हा सरक मोजणारा सेन्सर बसवतात. त्याची दांडी आतबाहेर सरकते तसा व्होल्टेज बदलतो आणि डेटा लॉगर तो टिपत राहतो. समजा, चाकाशी मोजलं तर प्रत्येक कोपरा एक मिलिमीटर दबायला अडीच किलो भार लागतो. मग 45 किलोंच्या दाबाने गाडी खाली बसणार फक्त साडेचार मिलिमीटर. रस्त्याचे उंचवटे तिला याहून जास्त हलवतात, ब्रेकने नाक खाली जातं, ॲक्सिलरेटरने वर येतं. धावत्या एसटीत वजनकाटा ठेवून वजन करण्यासारखंच हे.

यावर उपाय चिकाटीचा. वेग स्थिर ठेवून काही सेकंदांची सरासरी घ्यायची, त्याच रस्त्यावर उलट दिशेनेही जायचं, मग पंख काढून, त्यांच्या जागी तेवढंच वजन बांधून पुन्हा तेच करायचं आणि दोन्हींतला फरक काढायचा. हा फरक वेगाच्या वर्गासमोर (वेग गुणिले वेग) मांडला की आलेख सरळ रेषेत यायला हवा. नाही आला, तर आकड्यांवर विश्वास ठेवू नये. कुठे तरी डॅम्पर अडकतोय किंवा पंख वाकतोय.

वेगही चाकाचा नाही, हवेचा लागतो. ताशी 60 ने जाताना समोरून 10 किलोमीटरचा वारा असेल, तर दाब 36 टक्के वाढतो. मागून असेल, तर सुमारे 31 टक्के घटतो. दोन्हींची सरासरी काढली तरी तीन टक्के जास्तच उरतात. म्हणून नाकापुढच्या स्वच्छ हवेत पिटो नळी, म्हणजे समोरून येणाऱ्या हवेचा वेग मोजणारी नळी, लावतात.

उघड्या चाकांच्या गाडीत आणखी एक मेख आहे. फिरणाऱ्या चाकांवर हवा स्वतंत्रपणे वरच्या दिशेने बल लावते, पण ते स्प्रिंगमधून जात नाही, म्हणून या तराजूवर दिसत नाही. 1966 च्या चॅपरल 2ई या रेसिंग कारचा उंच पंख थेट मागच्या चाकांच्या हबवर (चाकाच्या मध्यभागच्या आधारावर) बसवला होता; तिच्या स्प्रिंग मोजून पंखाचा दाब कळलाच नसता.

एकूण दाबाइतकंच पुढे किती आणि मागे किती हेही पाहावं लागतं, आणि चार कोपऱ्यांचे चार आकडे असल्यामुळे ते आपसूक मिळतं. गाडीचं 46 टक्के वजन पुढे आणि डाउनफोर्स मात्र 60 टक्के पुढे असेल, तर हळू वळणांत नीट वागणारी गाडी वेगवान वळणात मागून सुटू लागते. अशा वेळी पुढच्या पंखाची फडी थोडी सपाट करून पुन्हा मोजायला घ्यायचं.