गळ टाकायला कोणती तिथी?

कोल्हापुरात रंकाळा तळ्यावर किंवा पंचगंगेच्या काठी गळ टाकून बसणाऱ्याचं वेळेचं गणित सोपं असतं. पहाट नाहीतर संध्याकाळ. पाणी काही जागा सोडून जात नाही. तोच माणूस गगनबावड्याहून घाट उतरून देवगड-मालवणच्या किनाऱ्यावर उभा राहिला की हे गणित पुरत नाही. मग कुणीतरी जाणता सांगतो, ‘पौर्णिमा-अमावास्येला जा, उधाण असतंय.’ माझ्या मते हा सल्ला अर्धाच बरोबर आहे.

बरोबर भाग आधी. मासे पाण्यामागे येत नाहीत, खाण्यामागे येतात. ओहोटीत उघड्या पडलेल्या वाळूत किडे, तिसऱ्यांसारखे शिंपले, इवले खेकडे दडलेले असतात. भरतीच्या लाटा ती वाळू उकरतात आणि मुडदुशांसारखे मासे तिथं चरायला येतात. त्यांच्यामागून मोठे शिकारी. दक्षिण कोकणात उधाणाला पाणी साधारण दोन मीटर चढतं. पन्नास मीटरला एक मीटर उतार असलेल्या पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, याचा अर्थ शंभर मीटर रुंदीचा पट्टा माशांना नव्याने खुला होतो. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या म्हणजे कमी चढणाऱ्या भरतीला, सूर्य आणि चंद्र काटकोनात ओढत असल्यामुळे हा पट्टा बराच आखडतो.

भरती सहा तास चालते, पण सगळे तास सारखे नसतात. चढणाऱ्या पाण्याचे बारा भाग केले तर तासागणिक ढोबळमानाने एक, दोन, तीन, तीन, दोन, एक असे भाग चढतात. म्हणजे तिसऱ्या आणि चौथ्या तासातच निम्मं पाणी येतं. दोन मीटरच्या भरतीत पहिल्या तासाला सतरा सेंटिमीटर, तर तिसऱ्याला अर्धा मीटर. खरी धावपळ तेव्हापासून पूर्ण भरतीपर्यंत. पाणी थबकलं की मासेही बहुधा सुस्तावतात.

आता उरलेला अर्धा भाग. आपल्याकडे भरतीची वेळ काढण्याचा जुना हिशेब आहे: तिथीला पाऊणने गुणा. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमेला सव्वाअकरा. अमावास्याही पंधरावीच धरायची. यामागचं कारण सरळ आहे. पंधरा तिथींत भरती घड्याळात बारा तास पुढे सरकते, म्हणजे तिथीला अठ्ठेचाळीस मिनिटं. तोंडी हिशेबाला पंचेचाळीस धरली. भरती मुंबईच्या आधी मालवणला पोचते, त्यामुळे दक्षिण कोकणात हे उत्तर बरं जमतं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होणारच. नेमकी वेळ हवी तर भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टकं आहेत.

गोम इथंच आहे. पौर्णिमा असो वा अमावास्या, या किनाऱ्यावर उधाणाची भरती दुपारी अकरा-बाराला नाहीतर मध्यरात्री येते. पहाटे पाचला पाणी पार उतरलेलं. चार तास गाडी हाकून तांबडं फुटताना पोचलेल्या कोल्हापूरकराला दिसते ती नुसती ओली वाळू, आणि पाणी येतं तेव्हा ऊन डोक्यावर. उथळ, नितळ पाण्यात भर उन्हात बरेच मासे काठापासून लांब राहतात. अष्टमीला उलटं: भरती पहाटे सहाला येते, पण तिच्यात जोर नसतो.

म्हणून मी द्वादशी-त्रयोदशी निवडतो. भरती सकाळी नऊ-पावणेदहाला पूर्ण होते, म्हणजे ओहोटी तीनच्या सुमाराला संपलेली असते आणि तिसरा-चौथा तास नेमका उजाडताना येतो. संध्याकाळीही तेच, फक्त पंचवीसेक मिनिटं उशिरा. पाण्यातही उधाणाकडे जाणारा जोर असतो. दशमी-एकादशीही चालेल, पण आषाढी-कार्तिकी करणाऱ्या घरातून एकादशीला गळ घेऊन कसं निघायचं, ते ज्याचं त्यानं बघावं. तृतीया ते पंचमीला पहाटे ओहोटी चालू असते. तेव्हा पुळण सोडून नदीच्या मुखाशी जावं, जसं कर्ली नदी समुद्राला मिळते ते देवबाग. उतरतं पाणी खाडीतली कोळंबी आणि बारके मासे बाहेर ओढून आणतं, आणि रावस तिथं वाट बघत असतो. ओढ मात्र जबर असते, पाण्यात उतरू नये. पावसाळ्यात हे सगळं गणित लाटांपुढे फिकं पडतं.

चंद्र रंकाळ्यालाही ओढतोच, पण तळं इतकं लहान की एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत त्या ओढीत मोजण्याजोगा फरक पडत नाही. गंमत म्हणजे खालची जमीनसुद्धा दिवसातून दोनदा वर-खाली होते, कधी कधी वीस-तीस सेंटिमीटर. आख्खं कोल्हापूर एकदम उचललं जात असल्यानं कुणाला पत्ता लागत नाही.

जमलं तर ओहोटीला आधी पोचून किनारा वाचावा. वाळूचे उंचवटे कुठं, त्यांच्यामधल्या आडव्या चरी कुठं, हे तेव्हाच दिसतं. भरतीत जिथं लाट फुटत नाही आणि पाणी गडद दिसतं, ती चर. मासे तिच्यातून फिरतात, आमिष तिथं पडायला हवं. लांब फेकायच्या नादात माणसं उंचवट्यावर जाऊन उभी राहतात. पाणी आधी त्यांच्या पाठीमागची चर भरतं, आणि तिसऱ्या-चौथ्या तासात गुडघ्याएवढं पाणी तासाभरात कमरेला येतं.