निळा धूर आणि पाच शतांश मिलिमीटर

चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे उतरताना जुनी बुलेट गिअरमध्येच ठेवावी आणि ॲक्सिलरेटर सोडून निवांत खाली येऊ द्यावी. घाट संपून सपाटी लागली की मूठ पिळावी आणि मागे बसलेल्याला धुराकडे बघायला सांगावं. सायलेन्सरमधून निळ्या धुराचा एक मोठा लोट निघून लगेच विरला, तर बहुतेक वेळा दोष रिंगांचा नसतो, व्हॉल्व्ह गाईडचा असतो. चढावर, ओझं असताना इंजिन सतत निळा धूर ओकत असेल, तर मात्र पिस्टन-रिंगांकडे बघावं. एवढा फरक न करताच आपल्याकडे सिलिंडर बोअर होतो, नवा पिस्टन पडतो, आणि पुढच्या घाटात धूर पुन्हा हजर. मग मुरलेला मिस्त्री म्हणतो, "रिंगा नायी गेल्या भाऊ, गाईड गेलं."

राजदूत आणि जुन्या येझदीवाल्यांनी इथे निश्चिंत राहावं. त्या टू-स्ट्रोक गाड्या, त्यांत असे व्हॉल्व्हच नसतात. धूर तर त्यांच्या पेट्रोलमध्ये मिसळलेल्या तेलाचाच.

गाईड म्हणजे इंजिनाच्या हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणात, घट्ट ठोकून बसवलेली बोटाएवढी नळी. तिच्यातून व्हॉल्व्हची दांडी वर-खाली होते. इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह 1500 वेळा उघडतो, म्हणजे सेकंदाला 25 वेळा. दांडी आणि नळी यांच्यातली मोकळीक असते साधारण 0.02 ते 0.05 मिलिमीटर, एक्झॉस्टच्या बाजूला थोडी जास्त. फट मोजायच्या फीलर गेजची सगळ्यांत पातळ पातीही साधारण 0.05 मिलिमीटरची असते. लेथवाले याला "दोन थाऊ" म्हणतात, म्हणजे इंचाचे दोन हजारांश.

या फटीतून थोडं तेल झिरपायलाच हवं, नाहीतर दांडी अडकेल. गाईडचं वरचं टोक व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरच्या तेलात भिजत असतं आणि इनलेटच्या गाईडचं खालचं टोक हवा-पेट्रोल आत नेणाऱ्या वाटेत उघडतं. ॲक्सिलरेटर बंद आणि इंजिन मात्र उताराच्या जोरावर फिरतंय, अशा वेळी पिस्टन हवा ओढू बघतो, पण कार्बोरेटरची वाट जवळपास बंद असते. त्या वाटेतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा बराच उतरतो आणि झिजलेल्या फटीतून तेल खाली खेचलं जातं. घाटभर साठलेलं हे तेल मूठ पिळताच जळतं. जुन्या बऱ्याच इंजिनांत दांडीवर तेल अडवणारं रबरी सीलही नसे, सगळा भरवसा त्या फटीवर.

गाईडचं दुसरं काम उष्णता वाहून नेण्याचं. एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं डोकं चालत्या इंजिनात 700 अंशांच्या आसपास तापतं. त्यातली सुमारे तीन चतुर्थांश उष्णता सीटमधून, म्हणजे व्हॉल्व्ह मिटताना टेकतो त्या कड्यातून, हेडमध्ये जाते आणि उरलेली बरीचशी दांडीवाटे गाईडमध्ये. गाईड सैल झालं की व्हॉल्व्ह डगमगत सीटवर तिरका बसतो, मग दोन्ही वाटा बिघडतात आणि शेवटी व्हॉल्व्हची कडाच जळते.

झिजही सारखी होत नाही. रॉकरचं टोक कमानीत फिरतं, म्हणून ते दांडीला दाबता दाबता थोडं बाजूलाही ढकलतं. त्यामुळे गाईडची टोकं आधी रुंदावतात आणि मधला भाग ठीक राहतो. मधेच माप घेऊन "गाईड चांगलं आहे" म्हणणारा फसतो. त्यात आपले रस्ते. फाटक्या एअर फिल्टरमधून जाणारी बेसाल्टच्या गिट्टीची भुकटी ओतीव लोखंडापेक्षा कठीण खनिजांची असते, तेलात मिसळली की तिची पॉलिश पेस्टच होते. वैशाखातल्या 46 अंशांना मात्र लोक उगाच जास्त बोल लावतात. उन्हाने हेडमधली गाईडची पकड सुटत नाही. तेल थोडं पातळ होतं, इतकंच.

पकड कशी टिकते, हे समजलं की गाईड बदलण्याचं निम्मं काम समजलं. हेड ॲल्युमिनियमचं, गाईड बहुधा ओतीव लोखंडाचं. एक अंश तापमान वाढलं की ॲल्युमिनियम दर मीटरला सुमारे 23 मायक्रॉन वाढतं, लोखंड साधारण 11. म्हणजे इंजिन तापलं की हेडमधलं भोक गाईडपेक्षा जास्त मोठं होतं. म्हणूनच थंडपणी गाईड भोकापेक्षा 0.03 ते 0.05 मिलिमीटर जाड ठेवतात. बैलगाडीच्या चाकावर लोहार लाल केलेली धाव चढवतो आणि पाणी ओततो, तोच हा हिशोब.

आकडे मांडून बघा. भोक 15 मिलिमीटरचं धरू. हेड 30 अंशांवरून 180 वर नेलं तर भोक 0.05 मिलिमीटरने वाढतं. नवं गाईड फ्रीजरमध्ये उणे 18 पर्यंत गार केलं तर ते जेमतेम 0.008 ने आकसतं. बर्फाचं कौतुक फार होतं, खरी किमया तापवण्याचीच. एवढं केल्यावर नवं गाईड हलक्या टोल्याने सरकतं. जुनं काढताना मात्र तेही हेडबरोबर तापलेलं असतं. तेव्हा सुटका मिळते फक्त 0.027 मिलिमीटरची, आणि म्हणून काढणं हे बसवण्यापेक्षा नेहमी अवघड जातं.

थंड हेडवर हातोडा चालवणाऱ्या मिस्त्रीकडून हेड परत घेऊन निघावं. लोखंड मऊ ॲल्युमिनियमला खरवडत बाहेर येतं, भोक ओरबाडलं जातं आणि मग जाड बाहेरमापाचं गाईड लेथवर कातून घ्यावं लागतं. गॅसच्या टॉर्चने एकाच जागी भाजणंही तितकंच वाईट, हेड वाकतं. हेड सगळीकडून सारखं तापायला हवं. त्यासाठी ओव्हन उत्तम, नाहीतर पाव निघून गेल्यावरची बेकरीची भट्टी. तापमापक नसेल तर पाण्याचा थेंब टाकतात. थेंब जागीच चरचरून उडाला तर अजून वेळ आहे. गोळी होऊन पळायला लागला तर हेड 200 च्या घरात पोचलंय, आता आणखी तापवू नये, मिश्रधातू नरम पडतो. थेंब पळतो तो स्वतःच्याच वाफेच्या गादीवर. लायडनफ्रॉस्ट या जर्मन डॉक्टराने 1756 मध्ये याचं वर्णन केलं होतं.

ठोकण्याआधी दोन गोष्टी. जुनं गाईड किती वर निघालंय ते मोजून लिहून ठेवायचं, आणि ज्या टोकावर कार्बन साचलाय ते खरवडून साफ करायचं, नाहीतर तोच कडक कार्बन भोकातून घासत जातो. कॉलर कुठल्या बाजूला आहे ते बघूनच दिशा ठरवायची.

नवं गाईड बसल्यावर दाबाने त्याचं आतलं छिद्र किंचित आवळतं. म्हणून छिद्र मापाला आणणारा रिमर गाईड बसवल्यानंतरच फिरवायचा. आणि इथेच काम संपलं असं समजणारे बरेच आहेत. नव्या गाईडचा मध्य जुन्या सीटच्या मध्याशी तंतोतंत कधीच जुळत नाही. गाईडमध्ये पायलट, म्हणजे कटरला मध्यावर धरणारी दांडी, घालून सीटवर 45 अंशांचा कटर मारून घ्यावाच लागतो, मग ग्राइंडिंग पेस्टने व्हॉल्व्ह घासायचा. नुसत्या पेस्टने तिरकी सीट सरळ होत नाही, व्हॉल्व्हलाच खड्डा पडतो. कटरचे पैसे वाचवून गाईड बदलण्यापेक्षा जुन्याच गाईडवर गाडी चालवलेली बरी.

शेवटी व्हॉल्व्ह-स्प्रिंग जोडून पोर्टमध्ये रॉकेल ओतायचं आणि ज्वलनकक्षाच्या बाजूला ओल येते का ते बघायचं. जुन्या बुलेटवर टॅपेटची मोकळीक इंजिन थंड असतानाच लावतात, रॉकरला ढकलणारा दांडा, म्हणजे पुशरॉड, बोटांनी सहज फिरावा पण वर-खाली हलू नये. पहिल्या काही दिवसांत व्हॉल्व्ह नव्या सीटमध्ये थोडा आणखी खोल बसतो आणि ही मोकळीक कमी होते, तेव्हा टॅपेट पुन्हा एकदा तपासून घ्यायचे, विशेषतः एक्झॉस्टचा.