एच/टी की ए/टी? राकट टायर जास्त धरतो असं नाही

एसयूव्हीचे टायर बदलायची वेळ आली की दोन नावं समोर येतात: हायवे टेरेन म्हणजे एच/टी आणि ऑल टेरेन म्हणजे ए/टी. ‘ऑल’ म्हटल्यावर हायवेही त्यात आलाच, मग ए/टी घेतला की काम झालं, असं बऱ्याच जणांना वाटतं. गल्लत तिथेच होते.

दोन्ही टायर शेजारी ठेवून नीट बघा. एच/टीवर गोल फिरणाऱ्या सलग पट्ट्या दिसतात, त्यांच्यामध्ये पाणी काढून देणाऱ्या खोल खाचा आणि पट्ट्यांवर ब्लेडने ओढल्यासारख्या बारीक चिरा. ए/टीवर सुटे, जाड ठोकळे असतात आणि त्यांच्यामध्ये रुंद फटी. अनेकदा ही नक्षी टायरच्या खांद्यावरून साइडवॉलपर्यंत, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीपर्यंत, उतरलेली असते.

चिखलात या ठोकळ्यांच्या कडा माती पकडतात आणि चाक फिरताना फटींत अडकलेला चिखल बाहेर फेकला जातो. एच/टीच्या अरुंद खाचा चिखलाने बुजल्या की टायर गुळगुळीत झाल्यासारखा होतो, चाक जागच्या जागी फिरत राहतं. अणकुचीदार खडीवरही ए/टी सरस, कारण त्याचं रबर सहसा टवके उडू नयेत अशा बेताचं असतं आणि बऱ्याच मॉडेलांत साइडवॉल जास्त मजबूत असते.

डांबरावर मात्र हिशोब उलटतो. फटी रुंद, म्हणजे रस्त्याला टेकणारं रबर कमी. शिवाय उंच सुटे ठोकळे ब्रेक दाबताना आणि वळताना लवतात. म्हणूनच ‘पाऊस खूप असतो, ए/टी घ्या’ हा सल्ला मला सगळ्यात धोक्याचा वाटतो. पाऊस वेगळा, चिखल वेगळा. ओल्या डांबरावर पाण्याचा पातळ थर तोडून रबर रस्त्याला टेकवायचं काम त्या बारीक चिरा करतात. ब्रेक दाबल्यावर चांगला एच/टी साधारणपणे कमी अंतरात थांबतो. डांबरी रस्त्याचा जास्त विचार करून बनवलेले, भरपूर चिरा असलेले ए/टी मिळतात, त्यांच्यात हा फरक कमी होतो. आवाज आणि इंधन यांत एच/टी पुढेच.

रोजचा प्रवास डांबरी असेल आणि मधूनच कोरडा कच्चा रस्ता लागत असेल, तर बिनदिक्कत एच/टी घ्या. कोरड्या मातीला ए/टी लागत नाही. शेत, खाण, डोंगरातली बांधकामं, ओल्या मातीतली नेहमीची ये-जा असेल तर ए/टी. चाक निम्मं बुडेल अशा चिखलाला दोन्ही अपुरे, तिथे मड टेरेन लागतो.

निवड झाल्यावर साइडवॉलवरचे आकडे वाचा. ‘265/65 आर17 112 एच’ यातला 112 म्हणजे एका टायरला 1120 किलो भार आणि ‘एच’ म्हणजे ताशी 210 किमी वेगमर्यादा. त्याच मापाच्या ए/टीवर ‘एच’च्या जागी ‘एस’ म्हणजे 180 असू शकतं, तेव्हा गाडीच्या पुस्तिकेशी ताडून बघा. भाराचा आकडा पुस्तिकेत दिलेल्यापेक्षा कमी चालणार नाही. आणि दोन एच/टी, दोन ए/टी अशी सरमिसळ नको: पुढची-मागची पकड वेगळी झाली की ओल्या वळणावर गाडी आवरणं अवघड जातं.